परभूमींतील स्वयंसेवक : चीनला गेलेलें हिंदी वैद्यकपथक

'स्वयंसेवक' हा शब्द मराठींत रुळला तो मुख्यतः सभा-अधिवेशनांच्या मंडपांत. छातीवर बिल्ला लावलेला, पाणी वाटणारा, वाट दाखविणारा, गर्दीला दोरीच्या अलीकडे थोपवून धरणारा तरुण असें त्याचें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तीन दिवसांनीं मंडप उतरतो, बिल्लाहि उतरतो, आणि स्वयंसेवक आपल्या घरीं जाऊन जेवतो. परंतु याच शब्दाचा दुसरा एक अर्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगभर घडत होता. पहिलें महायुद्ध संपल्यावर पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थानें १९२० मध्यें फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या राष्ट्रांतील माणसें गोळा करून पडलेलीं घरें उभारण्याचें काम हातीं घेतलें. हाच गृहस्थ १९३४ च्या भूकंपानंतर सोबती घेऊन बिहारमध्यें आला आणि तेथील खेड्यांच्या पुनर्बांधणींत स्वतःच्या हातांनीं राबला. १९३६ पासून स्पेनच्या यादवी युद्धांत देशोदेशींचे तरुण दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठीं लढावयास गेले. बिल्ला लावून घरीं जेवावयास जाणारा स्वयंसेवक आणि हा स्वयंसेवक यांचें नांव एक असलें तरी जात निराळी.

अशा माणसांविषयीं लिहितांना चरित्रकार बहुधा दोन क्षणांवर सारा भर देतात. एक, निघण्याचा : बंदर, हारतुरे, घोषणा, डोळे पुसणारी आई. दुसरा, मरणाचा. यांच्या मधला जो काळ, ज्यांत परमुलखांत गेलेला माणूस तेथील अन्न पचवूं लागतो, तेथील शब्द ओठांवर घेऊं लागतो, आधीं पाहुणा असतो, मग अडचण होतो आणि शेवटीं घरचा होतो, तो काळ चरित्रांतून दोन ओळींत संपतो. वस्तुतः खरें कर्तृत्व तेथेंच असतें. निघण्याचें धैर्य एका दिवसाचें असूं शकतें. रुळण्याचें धैर्य रोज सकाळीं नव्यानें गोळा करावें लागतें. या दृष्टीनें चीनला १९३८ सालीं गेलेल्या हिंदी वैद्यकपथकाकडे पुन्हा एकदां पाहावें असा आमचा या लेखांत उद्देश आहे. त्या पथकांतील सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. पण पथक पांच जणांचें होतें, आणि त्या पांचांना एकत्र पाहिल्याशिवाय एकाचेंहि मोल नीट कळत नाहीं.

७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगनजीकच्या मार्को पोलो पुलापाशीं चकमक उडाली आणि जपानचें चीनवरील आक्रमण उघड युद्धांत परिणत झालें. त्या वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्गसेनेचा सेनापति चू तेह यानें पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें. अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली यांनींहि त्यासाठीं खटपट केली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते; त्यांनीं देशाला आवाहन केलें, चीनदिन पाळले गेले, आणि सुमारें २२,००० रुपये जमले. आजच्या हिशेबानें ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु जो देश स्वतः परतंत्र होता, ज्याच्या डॉक्टरांना परदेशीं जाण्याचें पारपत्रहि परक्या सरकारकडून मागावें लागत होतें, त्या देशानें दुसऱ्या पीडित राष्ट्रासाठीं हात पुढें करावा, ही घटना लहान नव्हे. घेणाऱ्यालाहि तिचें मोल कळलें होतें, हें पुढील इतिहासावरून दिसेल.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे नुकतेच स्पेनच्या रणांगणावर काम करून आलेले. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे पथकांत वयानें सर्वांत वडील. कलकत्त्याचे दोघे, डॉ. विजयकुमार बसु आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि कोटणीस, ज्यांनीं मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतली होती आणि जे पुढील अभ्यासाच्या तयारींत होते. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म. म्हणजे १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या धक्क्यावरून 'राजपुताना' बोट हलली तेव्हां त्यांना अठ्ठाविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. बेत एका वर्षाचा होता. आईबापांनीं निरोप दिला तो एका वर्षाचा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला पोहोंचलें. स्वागतास डॉ. सन यत सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग आल्या होत्या. पुढें चांगशा, हँकौ, यांगत्से नदीवरील ईचांग आणि तेथून चुंगकिंग असा प्रवास झाला. मार्गांतल्या रुग्णालयांतून त्यांनीं थोडथोडें काम केलें, पण सारा देशच त्या वेळीं पाठीवर बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे सरकत होता. हे लोक ज्या कँटनला उतरले तें २१ ऑक्टोबरला पडलें. हँकौहि त्याच आठवड्यांत गेलें. पथकाच्या पाठोपाठ शहरें शत्रूच्या हातीं जात होतीं असें म्हटलें तरी चालेल. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत सुमारें चार महिने असे गेले. परदेशीं मदतीला गेलेल्या माणसाची पहिली कसोटी आमच्या मतें येथेंच लागते. तो जखमांवर हात ठेवावयास उत्सुक असतो, आणि यजमान त्याला मेजवानीला नेतात. आदरातिथ्य हा चिनी संस्कृतीचा प्राण. पाहुण्याला लगोलग कामाला जुंपणें त्यांच्या रीतींत बसत नाहीं, जसें तें आपल्याहि रीतींत बसत नाहीं. पाहुणेपणाची ही मखमल काढून टाकावयास स्वयंसेवकालाच पुढाकार घ्यावा लागतो. आम्हांस उत्तरेकडे, आठव्या मार्गसेनेच्या मुलखांत जाऊं द्या, हा आग्रह या पांचांनीं धरला, आणि चुंगकिंगच्या सरकारला तो फारसा रुचणारा नसतांहि शेवटास नेला.

चुंगकिंगच्या मुक्कामांत एक गोष्ट घडली ती वरवर किरकोळ, पण अर्थपूर्ण. शांतिनिकेतनांतील चीनभवनाचे संचालक तान युन शान त्या वेळीं तेथें होते. त्यांनीं पांचांनाहि चिनी नांवें दिलीं. चिनी लिपींत परकीय नांव लिहावयाचें म्हणजे जवळच्या उच्चाराचीं अक्षरें निवडावीं लागतात, आणि प्रत्येक अक्षराला अर्थ असल्यामुळें निवडणाऱ्याच्या मनांतलें थोडेंसें नांवांत उतरतें. पांचांच्याहि नांवांच्या शेवटीं 'ह्वा' हें अक्षर आलें. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचें नांव झालें 'क ति ह्वा'. 'क' हें चिनी आडनांव आहे, आणि 'ति' हें एका फुलझाडाचें नांव. जुन्या चिनी काव्यांत तें झाड भावाभावांच्या प्रेमाशीं जोडलेलें आहे. पुढें उत्तर चीनमधील खेडुतांनीं कोटणीस हें नांव कधीं ऐकलें नसेल. त्यांच्यापुरता हा माणूस 'लाओ क', म्हणजे आपला जुना क, असाच राहिला. परमुलखांत गेलेल्याला आपलें नांव तेथील जिभेच्या स्वाधीन करावें लागतें. आफ्रिकेंत वा विलायतेंत गेलेले आपले लोक आपलें नांव तोडून आखूड करून देतात, तें सोयीसाठीं. येथें नांव तोडलें गेलें नाहीं, तें नव्यानें लावलें गेलें.

येनानकडे निघण्याच्या सुमारास, जानेवारी १९३९ मध्यें, सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरीं आई, लहान भावंडें. पथकप्रमुखांनीं परत जाण्याचा सल्ला दिला आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. कोटणीस गेले नाहींत. कामाला अजून सुरुवातहि झाली नाहीं, तर परत कोणत्या तोंडानें जावें, असा त्यांचा विचार होता.

या ठिकाणीं बहुतेक लेखक 'धन्य तो पुत्र' असें म्हणून पुढें जातात. आम्हांला इतक्या सहजीं पुढें जातां येत नाहीं. ज्या घरांत कर्ता पुरुष गेला आहे, तेथें शिकून तयार झालेल्या डॉक्टर मुलाची गरज चीनपेक्षां कमी नव्हती. त्याची किंमत सोलापूरच्या एका माउलीनें भरली, आणि तिचें नांव कोणत्याहि पुतळ्याखालीं कोरलेलें नाहीं. स्वयंसेवक एकटा कधींच जात नसतो. मागें राहिलेलेहि त्याच्या सेवेंत न विचारतां भरती झालेले असतात. कोटणीसांचा निर्णय चुकला असें आमचें म्हणणें नाहीं. तो निर्णय जड होता एवढेंच म्हणणें आहे, आणि तो हलका करून सांगण्यांत त्यांचाहि गौरव नाहीं.

सियानमार्गें मोटारीनें प्रवास करून १२ फेब्रुवारी १९३९ रोजीं पथक येनानला पोहोंचलें. गांव म्हणावें तर गांव नव्हतें. २० नोव्हेंबर १९३८ पासून जपानी विमानांनीं त्यावर बाँब टाकावयास आरंभ केला होता, आणि वस्ती आसपासच्या टेकड्यांच्या पोटांत शिरली होती. तेथील माती पिवळसर, वाऱ्यानें शतकानुशतकें आणून साठविलेली. ती उभी कापली तरी ढासळत नाहीं. या मातीच्या कड्यांत कमानदार गुहा खोदून लोक राहतात. तोंडाशीं लांकडी जाळी, जाळीला कागद, आंत मातीचा ओटा, आणि त्या ओट्याखालून चुलीचा धूर फिरविलेला, म्हणजे रात्रीं अंथरूण ऊबदार राहतें. घर, शाळा, कचेरी, रुग्णालय, सारें असल्याच गुहांतून. सोलापूरच्या उन्हांत वाढलेल्या माणसाला शेन्सीच्या हिवाळ्यांत पाणी गोठलेलें पाहावयाचें, कापूस भरलेला निळा-करडा गणवेश दिवसरात्र अंगावर वागवावयाचा आणि गुहेंतल्या दिव्याच्या उजेडांत शस्त्रक्रिया करावयाची, हा बदल कल्पनेनें समजण्यासारखा नाहीं.

जेवणांत मुख्य धान्य राळे. आपल्याकडे राळे गरिबाचें आणि उपेक्षित धान्य. आज शहरांत कित्येकांनीं तें पाहिलेंहि नसेल. पण उत्तर चीनच्या शेतकऱ्याचें आणि त्या सैन्याचें पोट या राळ्यांच्या पेजेवर व भातावर चालत होतें. सोबत कोबी, मुळा, कधीं डुकराचें मांस. ज्वारीच्या मुलखांतून आलेल्याला राळे पचविणें त्यांतल्या त्यांत सोपें गेलें असावें असें आम्हांस वाटतें. निदान गव्हाच्या पावावर वाढलेल्या एखाद्या युरोपियनापेक्षां तरी!

पहिल्या वर्षाच्या आंतच पथक विरळ होऊं लागलें. मुखर्जी प्रकृतीमुळें परतले. चोळकरहि १९३९ मध्येंच परतले. अटल, बसु आणि कोटणीस वर्षाअखेरीस आघाडीकडे निघाले, आणि थोड्याच महिन्यांत त्वचेच्या विकारानें जर्जर झालेल्या अटलांनाहि परत फिरावें लागलें. परतणाऱ्यांविषयीं आपल्याकडे एक अबोल कमीपणाची भावना असते. ती सर्वस्वीं अन्यायाची आहे. चोळकर ज्या वयांत गेले त्या वयांत आमच्यापैकीं बहुतेक लोक पेन्शनीचा हिशेब करीत असतात. ज्याला एका वर्षासाठीं बोलाविलें होतें त्यानें वर्षभर, किंवा शरीर साथ देईल तोंवर, काम केलें आणि तो घरीं आला, यांत न्यून काय आहे? स्वयंसेवा म्हणजे हौतात्म्य नव्हे. जेथें प्रत्येक जाणाऱ्यानें मरावेंच अशी अपेक्षा धरली जाते, तेथें दुसऱ्या खेपेला कोणी जात नाहीं.

या परतण्याचा कोटणीसांच्या जीवनावर एक परिणाम झाला, त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलेलें नाहीं. चोळकर होते तोंवर मराठींत बोलावयास एक सोबती होता. चोळकर गेले आणि मातृभाषा गेली. ती उरली फक्त पत्रांत, आणि तीं पत्रें युद्धाच्या धामधुमींत पोहोंचतील त्या वेळीं पोहोंचणार. बसु होते तोंवर इंग्रजी होती. पुढें बसूंना येनानला परत बोलावून घेण्यांत आलें, कोटणीस मागें राहिले, आणि इंग्रजीहि रोजच्या व्यवहारांतून जवळजवळ उठली. उरली चिनी. भाषा शिकण्याचे जे अनेक मार्ग आम्ही महाविद्यालयांतून मुलांना सांगतों, त्यांत हा एक नसतो : पहिल्या सगळ्या भाषा काढून घेणें. कोटणीसांनीं या भाषेची तयारी बोटीवरच सुरू केली होती. हिंदुस्थानाहून जातांना त्यांनीं केलेली शब्दांची वही चीनमधील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. चिनी लिपींत मुळाक्षरें नाहींत. साधें वर्तमानपत्र वाचावयाचें तरी हजारोंनीं चिन्हें पाठ करावीं लागतात. स्वर उंच लागला कीं एक अर्थ, खालीं गेला कीं दुसरा. अशा भाषेंत दोन वर्षांच्या आंत रोग्याचें दुखणें विचारण्यापर्यंतच नव्हे, तर वर्ग घेऊन शस्त्रक्रिया शिकविण्यापर्यंत त्यांनीं मजल मारली.

शान्सी, चाहार आणि होपै या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख हें त्यांचें अखेरचें कार्यक्षेत्र. तेथें जावयाचें म्हणजे जपानी पहाऱ्यांतील रेल्वेच्या ओळी रात्रीच्या अंधारांत ओलांडाव्या लागत. याच मुलखांत कॅनडाचा नामांकित शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून १९३८ पासून काम करीत होता. त्याच्या हाताखालीं काम करावें अशी या हिंदी डॉक्टरांची इच्छा होती; परंतु ते वाटेंत असतांनाच, १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं, शस्त्रक्रिया करतांना बोटाला झालेल्या जखमेंतून विष भिनून बेथ्यून मरण पावला. पुढल्या वर्षीं कोटणीस तेथें पोहोंचले तेव्हां त्यांना भेटली ती त्याची समाधि, आणि त्याच्या नांवाची शाळा व रुग्णालय.

रुग्णालय या शब्दानें वाचकांनीं दगडी इमारत डोळ्यांपुढें आणूं नये. जखमी सैनिक खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवलेले असत. मलमपट्ट्या धुऊन पुन्हा वापरीत. शत्रूची चढाई आली कीं रोगी, हत्यारें, पुस्तकें, सारें पाठीवर व खेंचरांवर लादून डोंगरांत पसार व्हावयाचें, आणि ती ओसरली कीं परत यावयाचें. ऑगस्ट १९४० मध्यें चिनी सैन्यानें 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' म्हणून प्रसिद्ध असलेली चढाई केली, तींत कोटणीसांनीं आघाडीच्या अगदीं मागें राहून काम केलें. एका प्रसंगीं तेरा दिवसांत त्यांच्या तुकडीकडे आठशेंहून अधिक जखमी आले, आणि त्यांतील पांचशेंहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. जेथें भूल देण्याच्या औषधाचीच वानवा, तेथें या आंकड्यांचा अर्थ काय होतो तें एखाद्या डॉक्टरालाच विचारावें.

जानेवारी १९४१ मध्यें त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली. पाहुणा घरचा झाल्याची याहून स्पष्ट खूण कोणती? मान म्हणून पाहुण्याला अध्यक्ष करतात. जबाबदारीच्या जागीं मात्र घरच्यालाच बसवितात. संचालक झाल्यानें राहणी बदलली नाहीं. इतरांचें जेवण तेंच त्यांचें जेवण, इतरांचे गवती जोडे तेच त्यांचे जोडे. शिकविणें, शस्त्रक्रिया आणि चिनींतून पाठ्यपुस्तक लिहिणें हीं तिन्ही कामें एकदम चालू होतीं. सैनिक त्यांना 'काळी आई' म्हणत असें सांगतात. आमच्याकडे शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. चिनी शिपायाला ही मराठी संज्ञा ठाऊक असण्याचें कारण नाहीं, त्यानें फक्त रंग पाहिला आणि माया पाहिली. तरीहि सोलापूरच्या काळ्या रानांतून गेलेल्या माणसाला हें नांव मिळावें, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

बेथ्यूनच्या नांवाच्या शाळेंत कुओ चिंग लान या शुश्रूषा शिकवीत. त्यांचा जन्म शान्सी प्रांतांतील, आणि शिक्षण पेकिंगच्या प्रख्यात वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयांत झालेलें. २५ नोव्हेंबर १९४१ रोजीं दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नांव ठेवण्याचा मान त्या मुलखाचे सेनापति न्ये जुंग चेन यांना मिळाला, आणि त्यांनीं सुचविलेलें नांव 'यिन ह्वा' : यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षीं ७ जुलैला कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. आपल्याकडील चरित्रांतून ही शेवटची गोष्ट पुष्कळदां वगळली जाते, तर दुसरीकडे कांहीं ठिकाणीं तेवढीच सांगितली जाते. दोन्ही प्रकार इतिहासाला धरून नाहींत. काँग्रेसच्या आवाहनावरून गेलेला, कोणत्याहि पक्षाची दीक्षा न घेतलेला एक तरुण चार वर्षें ज्यांच्यामध्यें जेवला, झोपला आणि ज्यांच्या जखमा शिवल्या, त्यांच्या पक्षांत गेला. वाचणाऱ्याला तो पक्ष आवडो वा न आवडो, ही वस्तुस्थिति आहे आणि ती त्यांच्या रुळण्याचा भाग आहे. ज्या ज्या गोष्टी आम्हांला सोयीच्या तेवढ्याच घेऊन थोर पुरुष बनवावयाचा, ही आमची जुनी खोड आहे.

अपस्माराचे झटके त्यांना येऊं लागले होते. विश्रांतीसाठीं व उपचारासाठीं त्या मुलखांतून बाहेर पडावें असा सल्ला सहकाऱ्यांनीं दिला. ते गेले नाहींत. १९४१ व ४२ हीं वर्षें त्या प्रदेशाला अत्यंत कठीण गेलीं. जपानी सैन्य गांवें जाळीत, धान्य नेत, माणसें मारीत फिरत होतें. नाकेबंदीमुळें औषधें मिळत नव्हतीं, आणि डॉक्टर तर त्याहून दुर्मिळ. अशा वेळीं आपण निघून जावें हें त्यांना पटलें नसावें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं तांग तालुक्यांतील कोकुंग या खेड्यांत झटक्यामागून झटके येऊन त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. संसाराला एक वर्ष आणि दोन आठवडे झाले होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शस्त्रक्रियेवरील त्यांचा दुसरा ग्रंथ अर्धवट राहिला. सैन्यानें आपला एक मदतीचा हात आणि राष्ट्रानें आपला एक मित्र गमावला, अशा आशयाचे शब्द माओ त्से तुंग यांनीं लिहून पाठविले.

मराठी घरांना ही कथा ठाऊक झाली ती बव्हंशीं चित्रपटांतून. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ मध्यें त्यांच्यावर इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या आधारें व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. नायकाची भूमिका स्वतः केली, नायिकेची जयश्री यांनीं. चित्रपट चांगला होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण पडद्याला मरण भव्य लागतें, म्हणून तेथें साथीच्या रोगावरील औषधासाठीं स्वतःच्या देहावर प्रयोग करणारा नायक दाखविला आहे. खरा कोटणीस तसा मेला नाहीं. तो ज्या दुखण्यानें मेला त्यांत नाट्य नव्हतें. तें दुखणें अंगावर घेऊन रोज वर्गावर जाणें एवढेंच त्यांत होतें. पांच जणांचें पथकहि पडद्यावर पुसट झालें. लोकांच्या स्मरणांत आज जो कोटणीस आहे तो या चित्रपटाचा आहे, आणि त्यामुळें बसूंसारख्या माणसावर मोठाच अन्याय झाला. बसु १९४३ मध्यें परतले, म्हणजे एका वर्षासाठीं गेलेले ते जवळजवळ पांच वर्षें तेथें राहिले. पुढें पुन्हा चीनला जाऊन ते तेथील सूचिचिकित्सा शिकून आले आणि तिचा कलकत्त्यांत प्रसार केला. येनानच्या दिवसांची दैनंदिनीहि त्यांनीं मागें ठेवली. पथकाविषयीं आपणांस जें नेमकें ठाऊक आहे त्यांतील बराच भाग त्यांच्या या चिकाटीमुळें ठाऊक आहे.

१९६२ च्या युद्धानें दोन्ही देशांतील सारे दोर तुटले. ज्या काळांत चिनी माणसाशीं ओळख असणेंहि आपल्याकडे संशयास्पद ठरत होतें, त्या काळांतहि होपै प्रांतांतील शिचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या उद्यानांत कोटणीसांची समाधि बेथ्यूनच्या समाधीप्रमाणेंच नीट राखलेली होती. पुढें संबंध सुधारल्यावर चीनचे प्रमुख नेते हिंदुस्थानांत आले म्हणजे कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात पडला. सोलापुरांत त्यांच्या स्मारकाचें उद्घाटन व्हावयास मात्र २०१२ साल उजाडलें. यावर आम्ही कांहीं टीका करीत नाहीं. वाचकांनीं दोन्ही तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या.

यिन ह्वा वडिलांप्रमाणेंच वैद्यकीकडे वळला होता. विद्यार्थी असतांनाच १९६७ सालीं तो वारला. कुओ चिंग लान यांनीं पुढें दुसरा विवाह केला आणि उत्तर आयुष्य ताल्येन या बंदराच्या शहरीं घालविलें. सासरच्या माणसांना भेटण्यासाठीं त्या अनेकवार हिंदुस्थानांत आल्या. पहिल्या पतीबरोबर घालविलेल्या दिवसांवर त्यांनीं पुस्तक लिहिलें. जून २०१२ मध्यें, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.